मुलांना कोणत्या गोष्टी सांगाल?

(उपासक-उपासिकांपुढे दिलेले भाषण)



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व आपल्या लाखो अनुयायांना ती दिली. तेव्हापासून आजवर ज्या ज्या घराने ही दीक्षा स्वीकारली, त्या घरातून देव्हारा उठला. ते योग्यच झाले. परंतु त्याच्याबरोबर आणखीही काही उठले, याकडे आपले लक्ष गेलेले नाही. त्या देव्हाऱ्यापुढे बसून आजी नातवंडांना कहाण्या सांगत असे. त्या कहाण्या गेल्या, पण त्यांची जागा आपण भरली नाही. रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नसते. तेथे एक तर जुनीच कहाणी मागल्या दाराने परत येते, नाही तर हातातला मोबाईल ती जागा बळकावतो.

त्या जुन्या कहाण्यांत वाईट ते काय होते? संकट आले, व्रत केले, देव प्रसन्न झाला, संकट टळले. पाप घडले, उद्यापन केले, पाप फिटले. हे ऐकत वाढलेल्या मुलाच्या मनावर एवढेच ठसते की, आपल्या बऱ्यावाईटाचा कर्ता कोणी दुसराच आहे आणि त्याला राजी केले म्हणजे आपले काम संपले. मग त्या मुलाला जबाबदारी कळावी कशी? 'तुमच्या नशिबी हेच आहे' असे सांगून ज्यांना पिढ्यान् पिढ्या दास्यात ठेवले गेले, त्यांच्याच मुलांनी पुन्हा नशिबाचे धडे गिरवावेत काय?

तथागतांनी आपल्या मुलाला कसे शिकविले ते पाहा. राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे राहुल राहत असताना भगवान त्याच्याकडे गेले. राहुलाने पाय धुण्यास पाणी दिले. पाय धुऊन झाल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि ते त्याला दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व एवढेसेच. मग ते पाणी ओतून दिले, भांडे पालथे घातले, पुन्हा उलथे करून त्याचे रितेपण दाखविले. थट्टेतही खोटे बोलू नये, हा त्या दिवसाचा पहिला धडा. नंतर त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुलाने सांगितले. त्याचप्रमाणे प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर न्याहाळून पाहावी. तिने आपले अथवा दुसऱ्याचे अहित होत असेल तर करू नये. करीत असल्यास थांबावे. करून चुकल्यास शास्त्यापुढे किंवा सुज्ञ सोबत्यांपुढे ती उघड सांगावी आणि पुढे जपावे. यात शापाचे भय नाही, वराची लालूच नाही. आहे ते पायाशी पडलेले एक भांडे आणि मुलाला विचारलेला प्रश्न.

हा उपदेश केवळ भिक्षूंपुरता आहे असे कोणी समजू नये. सम्राट अशोकाने बैराट येथील शिलालेखात जी सात धम्मवचने वारंवार ऐकावीत म्हणून सांगितली, त्यांत असत्याविषयीचा राहुलाला केलेला उपदेश आहे. आणि ती उपासक-उपासिकांनीही ऐकावीत असे त्याने स्पष्ट म्हटले आहे.

आता आपल्या घरात या. 'मी खोटे बोलणार नाही' ही बावीस प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा आपण उभे राहून घेतली. परंतु उधारी मागणारा दारात आला की, 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग' असे मुलालाच पुढे करून सांगणारे बाप आपल्यात नाहीत काय? त्या रात्री त्याच बापाने राहुलाची गोष्ट सांगितली, तर मूल भांड्यातले पाणी मोजील आणि बापाकडे पाहील.

दुसरी गोष्ट स्वतः बाबासाहेबांच्या आठवणींतील आहे. १९०१ साली लहानगा भीम भावाबरोबर व भाच्यांबरोबर साताऱ्याहून आगगाडीने वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला. मसूर स्टेशनवर त्यांना नेण्यास कोणी आले नाही. जात कळताच गाडीवाले त्यांना नेईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतःच बैलगाडी हाकली; प्यायला पाणी न मिळता रात्र काढली. मुलांनी वडिलांना आगाऊ पत्र धाडले होते. ते वडिलांच्या नोकराला मिळाले, पण त्याने ते त्यांच्या हाती दिलेच नाही. अस्पृश्यतेचा गुन्हा त्या नोकराचा नव्हे. तो त्या दुष्ट व्यवस्थेचाच, हे मुलांना ठामपणे सांगा. मात्र मग विचारा: ते पत्र वेळेवर पोचते करणे ज्याच्या हाती होते, त्याच्या हयगयीने काय घडले? हक्कांसाठी लढावे का आणि आपल्या वाट्याचे काम चोख का करावे, हे दोन्ही या एकाच गोष्टीतून मुलाला उमगेल.

सांगण्याची रीतही सांभाळा. रात्रीच्या जेवणानंतरची थोडी वेळ ठरवून घ्या. आईबरोबर बापानेही गोष्ट सांगावी. मुलीला भांडी घासायला धाडून मुलाला गोष्ट ऐकवू नये. शेवटी तात्पर्याचा घोट पाजू नका. 'त्या जागी तू असतास तर, तू असतीस तर काय केले असते?' एवढेच विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. दिवसा मुलाच्या हातून चूक झाली म्हणून रात्री तिचीच गोष्ट करून त्याला लाजवू नका. तसे केल्यास चूक उघड सांगण्याऐवजी ती लपविण्यास ते शिकेल. जातककथा सांगताना मागल्या जन्माचा हिशेब बाजूस ठेवला तरी त्यांतील करुणा व शहाणपण उणे होत नाही. मुलाने 'हे खरे कशावरून?' असे विचारले तर रागावू नका. केवळ परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तुमचे मूल तेच करीत आहे.

बंधुभगिनींनो, यास पैसा लागत नाही, विहार बांधून होईपर्यंत थांबावेही लागत नाही. पाण्याचे भांडे प्रत्येक घरात आहे. आज रात्री ते मुलांपुढे ठेवा.

जय भीम!