जे घडले नाही, त्याचा अभ्यास

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



सत्ता कोणाच्या हाती आहे, हा राज्यशास्त्रातील फार जुना प्रश्न. त्याचे उत्तर कोणत्या पद्धतीने शोधावे, यावर अमेरिकेत १९५० नंतर मोठा वाद झाला. तो विद्यापीठात झाला खरा, पण चळवळीतल्या कार्यकर्त्याचाही त्याच्याशी संबंध आहे.

फ्लॉइड हंटर यांनी अटलांटा शहरातील जाणकारांना विचारले की, येथे वजन कोणाचे? १९५३ साली त्यांनी निष्कर्ष मांडला : मूठभर धनिकांचे. रॉबर्ट डाल यांना हे पटले नाही. दबदबा असणे आणि निर्णय घडवून आणणे या भिन्न गोष्टी आहेत, हा त्यांचा आक्षेप; आणि तो रास्तच होता. त्यांनी न्यू हेवन शहरातील पुनर्विकास, सार्वजनिक शिक्षण व पक्षांच्या उमेदवाऱ्या या तीन क्षेत्रांतील प्रत्यक्ष निर्णय तपासले. प्रत्येक ठिकाणी प्रभावी माणसे बहुतांशी निरनिराळी आढळली. म्हणजे सत्ता विखुरलेली आहे, असे १९६१ च्या त्यांच्या ग्रंथाने सांगितले. जे दिसते आणि तपासता येते तेवढेच शास्त्र, असे मानणाऱ्या वर्तनवाद्यांना याहून काय हवे होते?

पुढच्याच वर्षी पीटर बॅक्रॅक व मॉर्टन बॅरॅट्झ यांनी विचारले : जो प्रश्न सभेपुढे येऊच दिला जात नाही, त्याचे काय? विषयपत्रिका ठरवणे ही देखील सत्ताच नव्हे काय? त्यावर वर्तनवाद्यांचे उत्तर तयार होते : जे घडलेच नाही, ते तपासणार कसे?

मॅथ्यू क्रेन्सन यांनी १९७१ साली ते तपासून दाखविले. इंडियाना राज्यात ईस्ट शिकागो आणि गॅरी ही दोन शेजारची पोलादी शहरे. धूर दोन्हीकडे सारखाच. ईस्ट शिकागोने प्रदूषणाविरुद्ध १९४९ सालीच नियम केला; गॅरीने १९६२ साली. गॅरी हे एकाच बलाढ्य पोलाद कंपनीने वसविलेले शहर. कंपनीला उघड विरोध करण्याची गरजच पडली नाही. ती काय म्हणेल, या धास्तीनेच प्रश्न दीर्घकाळ दबून राहिला. नुसते निर्णय मोजणाऱ्याच्या तक्त्यात ही कंपनी सत्ताहीन ठरली असती!

आपल्याकडे ग्रामसभेच्या इतिवृत्तात ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असे वाचून समाधान मानणारा कार्यकर्ता नेमकी हीच चूक करतो. त्या सभेला कोणती वस्ती आलीच नाही आणि आलेल्यांपैकी कोण तोंड उघडू शकले नाही, हे इतिवृत्त सांगत नाही.

स्टीव्हन ल्यूक्स १९७४ साली आणखी पुढे गेले. माणसाच्या इच्छाच घडविणारी सत्ता सर्वांत प्रबळ, असे ते म्हणाले. विचार मोलाचा, पण येथे सावध राहावे. लोकांना आपले खरे हित कळत नाही, असे एकदा धरले की ते ठरविण्याचा अधिकार पक्ष स्वतःकडे घेतो. त्याची किंमत रशियाने मोजली. क्रेन्सन यांची वाट अधिक कष्टाची, परंतु अधिक प्रामाणिक. तिच्यात दाव्याला शेजारच्या गावाचा पुरावा द्यावा लागतो.

डाल यांच्याविषयी मात्र एक सांगितले पाहिजे. त्यांनीच १९८५ साली आर्थिक लोकशाहीवर पुस्तक लिहून कामगारांनी स्वतः चालविलेल्या उद्योगांची बाजू मांडली. न्यू हेवनच्या अभ्यासात त्यांनी कारखान्याच्या फाटकाआतील सत्ता तपासली नव्हती.