पंधरा आकडे लिहून ठेवा

भाईंदर स्थानकात सकाळच्या लोकलमध्ये चढताना माझा मोबाइल गेला. आईचे शेवटचे फोटो त्यातच होते. तक्रार लिहिताना पोलिसांनी आयएमईआय क्रमांक विचारला. मी तो टिपलेला नव्हता; नशिबाने जुन्या खोक्यावर सापडला.

आपल्या फोनवर *#०६# दाबा. १५ आकडी क्रमांक दिसेल. दोन सिमच्या फोनला असे दोन असतात. वहीत उतरवून ठेवा. फोन हरवल्यास पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचे नवे सिम घ्या आणि २०२३ साली सुरू झालेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर फोन बंद करायची विनंती नोंदवा. मग दुसरे सिम घातले तरी तो देशात चालत नाही आणि पोलिसांना माग मिळतो.

फोटोंची प्रत मात्र आजच काढा. माझी राहून गेली.