एका घरातल्या दोन वाटा



१९८१ साली याच रायपूर शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. गंगाधर गाडगीळ अध्यक्ष होते. महाराष्ट्राबाहेर मराठी कशी टिकेल, हा प्रश्न आपण तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून विचारत आलो आहोत. आज मला त्या प्रश्नातल्या मुलाविषयी बोलायचं आहे.

काल ज्यांच्या घरी उतरले, तिथली नऊ वर्षांची नात मला म्हणाली, "फुगडी दाखवू?" मला वाटलं, हात धरून गिरकी घ्यायची असेल, मी पदर खोचून उभी राहिले. ती मात्र उकिडवी बसली आणि एक पाय पुढे, एक मागे, असे भराभर आलटूनपालटून टाकू लागली. वेणी जमिनीला लागत होती, दम लागला होता, पण थांबायला तयार नाही. छत्तीसगडी मुली खेळतात ती फुगडी. आजी म्हणाल्या, "ही कसली फुगडी!" आणि मग स्वतःच हसल्या. "अगं, ही तर आमची बसफुगडी!" दोघी कितीतरी वेळ पायांबद्दलच बोलत होत्या, निम्मं मराठीत, निम्मं छत्तीसगडीत. एवढ्यात आतून आईची हाक आली, शुद्धलेखन राहिलंय. वही उघडली आणि पोरीचा चेहरा मिटला.

आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिची काळजी खरी आहे. माझ्या मुलाच्या वेळी मीही हेच केलं. तो काही सांगायला आला की आधी त्याचं व्याकरण सुधारायचे. पुढे पुढे तो सांगायचाच थांबला. त्याला यंत्रं उघडून पाहायला आवडतात, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं.

मुलाची वाट वेगळी निघाली, तर मराठीचं काय होतं? इथून सत्तरेक किलोमीटरवर राजनांदगाव. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. घरची भाषा मराठी. कवी झाले हिंदीचे. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले: 'नवी मळवाट'मधली कविता, 'क्षिप्रा' ही कादंबरी. एकाच घरात वाढलेले दोघे, दोन भाषांत मोठे झाले. यात मराठीचं काय गेलं? माझ्या मते काहीच नाही. थोरल्याला कुणी बळेच मराठीत बसवलं असतं, तर मात्र हिंदी कविता फार मोठ्या कवीला मुकली असती.

माधवराव सप्रे यांचंही तेच. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारा हा मराठी माणूस हिंदी पत्रकारितेत अग्रणी ठरला, आणि 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत त्यांनीच नेले. परक्या अंगणात जाताना घरचं सोबत घेऊन गेले.

म्हणून मराठी सोडून द्या, असं कुणी ऐकू नये. मुलाला निवडायला समोर काहीतरी असावं लागतं. आजीची ओवी, मामाचा तबला, रस्त्यावरचा सुआ नाच, शेजारच्या अंगणातली काठ्यांवर चालायची गेडी, सगळं त्याच्या कानांवरून, डोळ्यांखालून जाऊ द्या. आठवीपासून मुलाला कोचिंगला जुंपण्याआधी निदान एवढं तरी पाहा की, कुणी न सांगता ते कशात रमतं, कशापायी जेवण विसरतं. तेवढ्यासाठी रोजचा अर्धा तास त्याच्या शेजारी बसावं लागेल, हातात फोन न घेता आणि चुका न काढता. मला तो अर्धा तास वेळेवर सुचला नाही.

आयोजकांना एक विनंती आहे. पुढच्या संमेलनात अध्यक्षीय भाषणाआधी अर्धा तास मुलांना द्या. त्यांनी काय सादर करावं हे आपण ठरवू नये, आणि कोणत्या भाषेत, याचीही अट घालू नये.