स्कूटरवाले बजाज आणि आपल्या ग्रामसंघाची खुर्ची

मी लिंबागणेशहून तुमची समन्वयक बोलते. आज हप्त्याचं, थकबाकीचं काही विचारणार नाही, तेव्हा रेडिओ बंद करू नका. चुलीवर काही असेल तर असू द्या, ऐकता ऐकता भाकरी होतात.

मागच्या बैठकीत काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. ग्रामसंघाच्या पदाधिकाऱ्यांची मुदत संपली. नवी अध्यक्ष कोण, असा विषय निघाला आणि एकीने गावातल्या एका मोठ्या घरच्या वहिनींचं नाव घेतलं. वहिनी गटात आहेत, बचत वेळेवर भरतात, पण कर्ज म्हणून त्यांनी आजवर एक रुपया उचललेला नाही. गरजच पडली नाही. एक बाई म्हणाली, "त्यांनाच करा, बँकेत त्यांच्या शब्दाला वजन आहे, साहेब उठून खुर्ची देतो." दुसरी लगेच म्हणाली, "जिने कधी हप्त्यासाठी शेळी विकली नाही, तिला आपलं काय कळणार?" मग जो गलका झाला, तो शाळेच्या मास्तरांनी खिडकीतून डोकावून पाहिला. शेवटी सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पण समन्वयकाला मत नसतं, आणि तिने कुणाचं नाव सुचवूही नये. बैठक पुढे ढकलली.

घरी जाताना मला राहुल बजाज आठवले. हसू नका. बी.ए.ला राज्यशास्त्र होतं माझं, त्यात राज्यसभेचं प्रकरण वाचलं होतं. पैसेवाला माणूस राज्याच्या खुर्चीत बसतो तेव्हा काय होतं, याचं जवळचं उदाहरण शोधायला गेलं तर हेच सापडतं. आणि या गोष्टीला आपला बीड जिल्हाही चिकटलेला आहे.

बजाज नाव तुम्हाला नवीन नाही. गल्लीतली रिक्षा त्यांची, पोरांची पल्सर त्यांची. फ्रीज हप्त्यावर घेताना दुकानदार जे बजाजचं कार्ड विचारतो, तेही त्यांच्याच घरातलं. आपल्याकडची किती पोरं वाळूजला कामाला गेली! तिथला बजाजचा कारखाना १९८५ सालचा.

पण हे घराणं मूळचं आपल्याकडच्या वर्ध्याचं म्हणायचं. राहुल यांचे आजोबा जमनालाल जन्मले राजस्थानात, वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घरी दत्तक आले. इंग्रजांनी दिलेली रायबहादूर पदवी त्यांनी परत केली. गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा मानत. १९२८ साली त्यांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायणाचं मंदिर दलितांना खुलं केलं. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती, आजही काही गावांत नाही. आणि त्यांच्या बायकोचं, जानकीदेवींचं, मला फार कौतुक वाटतं. शेठाणी बाई, अंगभर सोनं, तोंडावर पदर. तिने पदर सोडला, सोनं सोडलं, खादी कातली. पुढे विनोबांच्या कामात राहून विहिरी दान मिळवण्यासाठी फिरली. कूपदान म्हणायचे त्याला. आपल्याकडे मार्च लागला की हंड्यांच्या रांगा लागतात, म्हणून मला हा शब्द फार जवळचा वाटतो. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

त्यांचा मुलगा कमलनयन. ते १९५७ पासून वर्ध्याचे खासदार होते, लोकसभेचे, म्हणजे लोकांनी मतं देऊन निवडलेले. काँग्रेस १९६९ साली फुटली तेव्हा ते इंदिराबाईंच्या विरुद्ध बाजूला राहिले. पुढे आणीबाणीत या घराण्याच्या ठिकाणांवर आयकराच्या धाडी पडल्या. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

राहुल यांचा जन्म १० जून १९३८चा, कलकत्त्याचा. दिल्लीत कॉलेज, मुंबईत कायदा, मग अमेरिकेत हार्वर्डला धंद्याचं शिक्षण. १९६१ साली त्यांनी रूपा घोलप या मराठी मुलीशी लग्न केलं. मारवाडी शेठाच्या घरात मराठी सून, तेव्हा किती चर्चा झाली असेल! आकुर्डीला कारखान्याच्या वसाहतीतच त्यांनी संसार केला. १९६८ साली, वयाच्या तिशीत, बजाज ऑटोचा कारभार त्यांच्या हातात आला.

आता स्कूटरचं सांगते, कारण खरा माणूस तिथे कळतो. १९७२ साली त्यांची चेतक आली. राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव. ती मिळवायला लोक वर्षानुवर्षं थांबायचे, दहा दहा वर्षं. का? कारण कारखान्याने वर्षाला किती गाड्या करायच्या, हे सरकार ठरवायचं. परवान्यापेक्षा फार जास्त केल्या तर गुन्हा. राहुल बजाज म्हणायचे की लोकांना हवी असलेली वस्तू जास्त बनवली म्हणून तुरुंगात जावं लागलं तर जाईन.

ऐकायला छान आहे. पण बायांनो, आपल्या भागात मिरची कांडपयंत्र एकच असतं तेव्हा काय होतं? यंत्रवाली म्हणते, वीज नाही, दुसरं यंत्र घ्यायला कर्ज मिळत नाही, मी तरी काय करू. तिची तक्रार खरी असते. पण रांगही तिच्याच दारात असते, आणि दर तीच ठरवते. ज्या परवान्याने बजाजांचे हात बांधले होते, त्याच परवान्याने दुसऱ्यांनाही बाहेर ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

आणि त्या रांगेचा भार कुणावर पडला? आपल्यावर. आधी हुंड्यात सायकल मागायचे, मग घड्याळ, मग रेडिओ, मग 'बजाज पाहिजे' म्हणायला लागले. माझ्या एका मावशीचं लग्न स्कूटरसाठी आठ महिने अडलं होतं. आजोबांनी शेवटी नंबर विकत घेतला, दुसऱ्याच्या नावावर लागलेली गाडी जास्तीचे पैसे देऊन. ते पैसे कुठून आले? दोन एकर गेले. यात कारखान्याचा दोष आहे असं मी म्हणत नाही, मागणाऱ्यांचा आहे. पण टीव्हीवर १९८९ साली 'हमारा बजाज'ची जाहिरात लागायची तेव्हा मावशी उठून आत जायची.

१९९१ नंतर दारं उघडली, परदेशी कंपन्या यायला लागल्या. १९९३ साली बजाज आणि काही उद्योगपती एकत्र आले. त्यांना 'बॉम्बे क्लब' असं नाव पडलं. त्यांचं म्हणणं, आम्हाला इतकी वर्षं बांधून ठेवलंत, आता एकदम पैलवानासमोर उभं करू नका, मैदान सारखं करा. लोकांनी त्यांना जुन्या वळणाचे, घाबरट म्हणून हिणवलं. मला ते तसं वाटत नाही. शहरातल्या मॉलची पाकिटं आली तेव्हा आपल्या पापड-शेवयांचं काय झालं ते आपण पाहिलंय. फरक एवढाच की आपलं गाऱ्हाणं ऐकायला अर्थमंत्री नव्हते. आणि हेही सांगायला हवं की त्यांचा कारखाना रडत बसला नाही. मोटरसायकलीकडे वळला, २००१ साली पल्सर काढली. पुढे मुलाने स्कूटर बंदच करायचं ठरवलं, तेव्हा आपल्याला वाईट वाटलं हे म्हाताऱ्याने चारचौघांत सांगितलं.

आता खुर्चीकडे येते. २००६ साली आपले अंबाजोगाईचे प्रमोद महाजन गेले, ३ मे रोजी. ते राज्यसभेचे खासदार होते, मुदत २०१० पर्यंत होती. ती जागा रिकामी झाली. लोकसभेची जागा रिकामी झाली असती तर तुमच्या-माझ्या बोटाला शाई लागली असती. राज्यसभेला तसं नसतं. तिथे आपण निवडलेले आमदार मत देतात, महाराष्ट्राचे २८८ आमदार, १९ जागांसाठी. तेही लपून नाही; २००३ पासून पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या माणसाला दाखवावी लागते. आपला प्रभागसंघ डोळ्यासमोर आणा. गटाने ग्रामसंघात बाई पाठवायची, ग्रामसंघाने प्रभागसंघात. वर बसलेल्या बाईला तुम्ही थेट निवडलेलं नसतं.

अमेरिकेतही पूर्वी असंच होतं. १९१३ साली त्यांनी घटना बदलली आणि तिथल्या वरच्या सभागृहाची, म्हणजे सिनेटची, मतं लोकांच्या हातात दिली. त्याने पैसेवाले थांबले का? नाही. २०१० साली विस्कॉन्सिन राज्यातून रॉन जॉन्सन नावाचे प्लास्टिक कारखानदार स्वतःचे कित्येक लाख डॉलर ओतून उजव्या रिपब्लिकन पक्षातर्फे निवडून आले. फक्त तिथे त्यांना दारोदार जाऊन मत मागावं लागलं, एवढं.

तर महाजनांच्या जागेवर राहुल बजाज अपक्ष म्हणून उभे राहिले. पाठिंबा कुणाचा? भाजपचा, शिवसेनेचा आणि राष्ट्रवादीचाही. राष्ट्रवादी तेव्हा मुंबईत काँग्रेसबरोबर सरकारात होती, आणि समोर उमेदवार काँग्रेसचा. गावात एकमेकांचं तोंड न बघणारे तिथे एका माणसासाठी एकत्र आले. बजाज निवडून आले, २०१० पर्यंत राहिले, कुठल्या पक्षात गेले नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या माणसाची जागा होती. ऊसतोडीची कोयता घेऊन जाणारी बाई तिथे बसेल, असं तिन्ही पक्षांत कुणाला सुचलंसुद्धा नाही. हा राग बजाजांवर नाही. पण राग आहे.

मग तुम्ही म्हणाल, असल्या खुर्चीचा उपयोग काय? उत्तर मला खुर्ची सुटल्यानंतरच्या एका गोष्टीत सापडतं. नोव्हेंबर २०१९. मुंबईत एका इंग्रजी वर्तमानपत्राचा मोठा कार्यक्रम. व्यासपीठावर गृहमंत्री अमित शहा, अर्थमंत्री निर्मला सीतारामन, पीयूष गोयल. समोर देशातले सगळे श्रीमंत. एक्क्याऐंशी वर्षांचे बजाज उठले आणि म्हणाले की माझे उद्योगपती मित्र हे बोलणार नाहीत, पण मी बोलतो. आधीच्या सरकारवर आम्ही कशीही टीका करू शकत होतो. आता तुमच्यावर टीका केली तर तुम्हाला ते आवडेल, असा विश्वास आम्हाला वाटत नाही. शहांनी उत्तर दिलं की घाबरण्याचं कारण नाही, आणि तसं वातावरण वाटत असेल तर ते सुधारण्याचा प्रयत्न करू. दोघांचं काय बरोबर, काय चूक, ते तुम्ही ठरवा. मला एवढंच दिसतं की २००६ साली याच पक्षाच्या आमदारांनी त्यांना मत दिलं होतं, आणि त्या उपकाराने त्यांचं तोंड बांधलं गेलं नाही. ज्यांच्या घरावर सरकारी धाड पडून गेलेली आहे, तो माणूस हे बोलला.

हे मी बैठकीनंतर दोघी-तिघींना सांगितलं, तर एक आजी म्हणाल्या, "पोट भरलेल्याला बोलायला काय जातं?" मी म्हटलं, आजी, त्या सभागृहात सगळ्यांचीच पोटं भरलेली होती, उठला एकच. आजी म्हणाल्या, "ते खरं. पण तो उठला तो कारखानदारांचं सांगायला. आमचं कोण सांगणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांची गाजलेली भाषणं उद्योगाबद्दलचीच आहेत. १२ फेब्रुवारी २०२२ ला ते पुण्यात गेले, सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले, सगळ्या पक्षांनी चांगलं बोललं.

आता आपल्या वहिनींबद्दल. बँकेच्या साहेबाने खुर्ची दिली, चहा पाजला, आणि मग आपल्या गटाची कर्जाची फाईल मागे सारली, तर त्या टेबलावर हात ठेवून विचारतील का? त्यांच्याच घरच्यांचं काम ग्रामसभेत निघालं तर कुणाच्या बाजूने बोलतील? आणि ज्या बाईने शेळी विकून हप्ता भरला आहे, ती साहेबासमोर उभी राहिली की पदराचं टोक चावत बसणार असेल, तर तिला आपण सगळ्या मिळून बोलायला शिकवणार आहोत का? हे त्यांना तोंडावर विचारा. मागच्या बैठकीत कुणी विचारलंच नाही, सगळ्या त्यांच्या पाठीमागे बोलल्या.

बैठक येत्या सोमवारी दुपारी दोन वाजता, शाळेच्या व्हरांड्यात. मत हात वर करून नाही, चिठ्ठीने होईल, म्हणजे कुणाच्या घरच्याला कळणार नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं ठेवू. वहिनींनी काल निरोप पाठवला की मी येते, पण आधी कर्जाची वही बघायला मिळेल का. मी म्हटलं, एकटीला नाही मिळणार. सोमवारी या, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू, कुणी किती उचललं, कुणी किती फेडलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, वाचायला मी बसते.