परदेशातील हुंडणावळ

काशीयात्रेस निघणारा पूर्वीचा मराठी गृहस्थ सगळी रोकड कमरेला बांधून सहसा निघत नसे. वाट लांबची, मुलूख अनोळखी आणि चोरांचे भय पावलोपावली. म्हणून तो सावकाराकडे रक्कम भरी, काशीच्या पेढीवरची हुंडी घेई आणि तो कागद जिवापाड जपून नेई. या सोयीबद्दल सावकार जे घेई त्यास हुंडणावळ म्हणत. वाटेत नाणी बदलण्याचाही प्रसंग येई. अंकुशी, चांदवडी, हाली शिक्का असे नाना प्रकारचे रुपये निरनिराळ्या मुलखांत चालत. एकाच्या बदल्यात दुसरा देताना सराफ बट्टा कापून घेई. शहाणा यात्रेकरू प्रस्थानापूर्वीच विचारून ठेवी, की हुंडणावळ किती आणि बट्टा किती?

तो सावकार गेला, त्याची हुंडीही मागे पडली. पण ते दोन प्रश्न काही गेले नाहीत. परदेशी निघालेल्या आजच्या प्रवाशाला ते तितक्याच निकडीने विचारावे लागतात. फरक एवढाच, की पूर्वीचा सराफ बट्टा तोंडावर सांगे आणि आजचा बट्टा बहुधा दरातच दडवलेला असतो.

मधल्या काळात पाश्चात्त्य देशांनीही या अडचणीवर उपाय शोधले. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीचे प्रमुख जे. सी. फार्गो युरोपात हिंडत असता मोठी शहरे सोडल्यास त्यांचे पतपत्र वटेना. परतल्यावर त्यांनी हे गाऱ्हाणे आपल्या सहकाऱ्यांपुढे मांडले आणि त्यातून १८९१ साली त्या कंपनीचा प्रवासी धनादेश निघाला. विकत घेताना एक सही आणि वटविताना दुसरी, एवढ्या साध्या युक्तीवर तो पुढे जवळजवळ शतकभर चालला. भारतीय प्रवाशाची अडचण मात्र निराळीच होती. परकीय चलनाचा देशातच तुटवडा असल्यामुळे ते मिळणेच दुरापास्त होते. अवघे आठ डॉलर खिशात घालून विलायतेस वा अमेरिकेस उतरलेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणी अनेक घरांतून आजही सांगितल्या जातात.

तो काळ पालटला आहे. परकीय चलनाविषयीचा १९९९ चा नवा कायदा २००० च्या जूनपासून अमलात आला. २००४ साली निवासी भारतीयांना परदेशी खर्चासाठी वर्षाकाठी २५,००० डॉलरांची मोकळीक मिळाली. ती मर्यादा वाढत वाढत २,५०,००० डॉलरांवर गेली. आता प्रश्न चलन मिळण्याचा नाही. ते मिळवताना पदरचे किती गळते याचा आहे. मोठ्या व्यापाऱ्यास ही गळती जाणवत नसेल. परंतु निवृत्तिवेतनातून वर्षानुवर्षे शिल्लक टाकून आयुष्यात एकदाच परदेश पाहण्यास निघालेल्या दांपत्याला ती जाणवल्यावाचून राहत नाही.

असे एक दांपत्य इंदूरहून किंवा नागपूरहून बँकॉकला निघाले आहे, अशी कल्पना करावी. थायलंडचे चलन बाट. उपाहारगृहे व मोठी दुकाने कार्ड घेतात. पण फेरीवाला, लहान खाणावळ, रिक्षासारखी टुकटुक आणि नदीकाठचा बाजार यांना रोकडच लागते. ही रोकड मिळवण्याचे मार्ग मुख्यतः तीन.

पहिला मार्ग नोटा नेण्याचा. भारतीय रुपयांस बँकॉकमध्ये चांगला भाव येत नाही. शिवाय निवासी भारतीयाला सामान्यतः २५,००० रुपयांहून अधिक रुपये देशाबाहेर नेता येत नाहीत. डॉलरांच्या नोटा मात्र बहुतेक देशांच्या प्रवासात ३,००० डॉलरांपर्यंत नेता येतात. त्यांतही शंभराच्या नोटेस लहान नोटांहून सरस भाव मिळतो, आणि मळकी, फाटकी वा शाईचा डाग पडलेली नोट सराफ नाकारतो किंवा कमी भावाने घेतो. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरताच समोर दिसणाऱ्या खिडक्यांवर जो दर मिळतो, त्याहून चांगला दर त्याच इमारतीच्या तळघरात, शहराकडे जाणाऱ्या रेल्वेच्या प्रवेशाजवळच्या खिडक्यांवर मिळतो. चार जिने उतरण्याचा आळस केला, की त्याची किंमत मोजावी लागते. मात्र एक ध्यानात ठेवावे: रुपयांचे डॉलर आणि डॉलरांचे बाट असे दोनदा परिवर्तन झाले, म्हणजे बट्टाही दोनदा बसला.

‘कमिशन नाही’ ही पाटी पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. ज्या दराने सराफ चलन घेतो आणि ज्या दराने विकतो त्यांतील अंतर हेच त्याचे उत्पन्न. तेव्हा कमिशन किती हे विचारण्यापेक्षा, शंभर डॉलर दिल्यावर सर्व वजावट होऊन हातात किती बाट पडतील, एवढेच विचारावे. या एका प्रश्नाने दोन खिडक्यांची तुलना तत्काळ होते.

दुसरा मार्ग बँकेच्या कार्डाने एटीएममधून पैसे काढण्याचा. येथे कात्री तीन ठिकाणी लागते. थायलंडमधील बँका परदेशी कार्डावर दर वेळी ठरावीक शुल्क घेतात. ते २२० बाट किंवा त्याहून थोडे अधिक असते. स्वदेशीची बँक परदेशी व्यवहाराबद्दल वेगळे शुल्क लावते. शिवाय चलन बदलाचा अधिभार असतो. तो साडेतीन टक्के असेल आणि त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर बसला, तर एक लाख रुपयांमागे ४,१३० रुपये गेले असे समजावे. अधिभार न घेणारी किंवा कमी घेणारी कार्डेही आहेत. ती चौकशी निघण्यापूर्वी महिनाभर आधी करावयाची असते, विमानतळावर नव्हे.

ठरावीक शुल्काचे गणित तर शाळकरी मुलालाही समजेल. आपल्या दांपत्याने दर वेळी दोन हजार बाट काढले, तर २२० बाटांचे शुल्क अकरा टक्के झाले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तसलाच हा व्यवहार. तेच दांपत्य एकदम वीस हजार काढील, तर शुल्क १.१ टक्का पडेल. दहा वेळा आणि एक वेळा यांतील फरक १,९८० बाटांचा. तेवढ्यात दोघांची कित्येक साधी जेवणे होतात. म्हणून खेपा थोड्या कराव्यात, मात्र काढलेली रक्कम एकाच पाकिटात ठेवू नये.

याच यंत्रासमोर आणखी एक मोह उभा राहतो. रक्कम सांगितल्यावर यंत्र नम्रपणे विचारते, की हिशेब रुपयांत करावा काय? पडद्यावर ओळखीचे चलन दिसते, मनाला दिलासा वाटतो आणि बोट होकाराकडे जाते. वस्तुतः त्या होकाराने दर ठरवण्याचा अधिकार त्या यंत्राच्या मालकाला मिळतो, आणि तो आपला नफा त्यात मिळवूनच दर लावतो. काही भारतीय बँका अशा व्यवहारावर निराळे शुल्कही आकारतात. येथे नकार द्यावा आणि हिशेब बाटमध्येच होऊ द्यावा. नकार दिला म्हणून पैसे मिळत नाहीत असे नाही. दुकानात कार्ड देतानाही हाच प्रश्न येतो आणि त्याचे उत्तरही हेच.

तिसरा मार्ग आधीच परकीय चलन भरून घेतलेल्या प्रवासी कार्डाचा. दर निघण्यापूर्वीच निश्चित होतो, हा त्याचा लाभ. परंतु कार्डावर डॉलर आणि खर्च बाटमध्ये, असे झाल्यास पुन्हा अधिभार बसतो. म्हणून जेथे जावयाचे तेथलेच चलन कार्डावर भरता येते काय, हे पाहावे. उधारीच्या कार्डावर, म्हणजे क्रेडिट कार्डावर, रोकड काढणे हा मात्र मार्ग नव्हे. तेथे शुल्क वेगळे आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू.

काटकसरीबरोबर सावधगिरीही हवी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० च्या मार्चपासून नवी कार्डे मुळात देशांतर्गत वापरापुरतीच खुली असतात. परदेशी वापर धारकाने स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. एवढी गोष्ट विसरल्यामुळे खात्यात लाख रुपये असूनही परक्या शहरात टॅक्सीचे भाडे देता न येण्याचा प्रसंग ओढवतो. त्या क्षणी मनुष्य केवळ निर्धन होत नाही, तर परावलंबी होतो. भाषा न कळणाऱ्या लोकांच्या दयेवर त्याला उभे राहावे लागते. यासाठी पतीजवळ एक आणि पत्नीजवळ दुसरे, तेही निरनिराळ्या बँकांचे कार्ड असावे, आणि दोन दिवसांपुरते डॉलर सामानात अलग ठेवावेत. घरातील सारा व्यवहार एकाच्याच हाती ठेवण्याची सवय परदेशात महाग पडते.

परतल्यावर उरलेल्या चलनाचाही विचार करावा. नाणी सराफ सहसा घेत नाहीत, म्हणून ती शेवटच्या दिवशी तेथेच खर्चावीत. नोटांच्या रूपाने २,००० डॉलरांपर्यंतचे परकीय चलन जवळ ठेवण्यास मुभा आहे. त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांच्या आत अधिकृत विक्रेत्याच्या स्वाधीन करावयाचे असते.

प्रवासात खर्च करू नये, असा याचा अर्थ नाही. खर्चासाठीच तर पैसा साठवलेला असतो. तो नदीतील नौकेवर, मंदिराच्या दर्शनावर, नातवंडांच्या खेळण्यांवर जावा. नजरचुकीने दाबलेल्या एखाद्या कळीवर जाऊ नये. काशीच्या यात्रेकरूने पुण्यातच विचारून घेतलेले ते दोन प्रश्न आजच्या प्रवाशानेही घर सोडण्यापूर्वीच विचारावेत. हुंडणावळ कोणालाच चुकलेली नाही. ती किती द्यावी, हे मात्र बऱ्याच अंशी प्रवाशाच्या हाती आहे.