नाव कुठं लिहिलंय?

(वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘संगणकावर गाणं ऐकण्यासाठी मोफत प्लेअर कसा निवडावा’. आत येतानाच एक आजोबा म्हणाले, ‘बाई, एक नाव सांगा, लिहून घेतो आणि घरी जातो.’ (हशा) नावं सांगणार आहे, पण शेवटी. मी बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत नोंद, मग पुस्तकावर दाखल अंक, मग कार्ड आणि सगळ्यात शेवटी कपाट. प्लेअर हे कपाट आहे. मला बोलायचंय ते नोंदीबद्दल.

गाण्याच्या फाइलींची एमपीथ्री पद्धत जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कशी घडली, २०१७ साली तिच्या पेटंटचे परवाने देणं कसं थांबलं, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. १९०२ सालच्या कोलकात्यात जाऊ या.

गायिका गौहरजान ध्वनिमुद्रणाला बसल्या आहेत. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. गाणं संपता संपता त्या स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारतात. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कारागिराला हा आवाज कोणाचा हे कळायचं कसं? म्हणून नाव गाण्यातच, त्याच खाचेत. लेबल फाटलं, पाकीट हरवलं, तरी नाव गाण्याला चिकटलेलं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: नाव गाण्यापासून वेगळं ठेवू नका.

आता संगणकाकडे. गाण्याच्या फाइलीत नाव लिहायची जागा असते, तिला टॅग म्हणतात. १९९६ साली एरिक केम्प यांनी एमपीथ्रीच्या शेपटीला १२८ बाइटांची चिठ्ठी जोडायची युक्ती काढली. गाण्याचं नाव ३० बाइट, कलाकार ३०, अल्बम ३०. आता ‘भीमसेन जोशी’ लिहून बघा. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइट घेते. दहा त्रिक तीस, वर मधली मोकळी जागा एक. एकतीस! एका बाइटानं पंडितजी मावत नाहीत. (हशा) हसताय, पण मला याचं वाईट वाटतं. त्याच चिठ्ठीत संगीतप्रकारांची ८० नावांची यादी होती. तिच्यात पोल्का होता. ख्याल नव्हता, नाट्यसंगीत नव्हतं, अभंग नव्हता.

पुढच्या आवृत्तीत हे सुधारलं. युनिकोड आलं, जागेची अडचण गेली. आज तुम्ही राग, ताल, साथीदार, मैफलीची तारीख, सगळं देवनागरीत फाइलीच्या आतच लिहू शकता. पण प्लेअर स्वतःचीही एक वही ठेवतो, म्हणजे डेटाबेस. तुम्ही दिलेले तारे, प्लेलिस्ट आणि काही प्लेअरमध्ये तुम्ही दुरुस्त केलेली नावंसुद्धा त्या वहीत जातात. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो तो प्लेअर गेल्यावर.

आणि प्लेअर जातात. १९९७ सालचं विनॅम्प आठवतंय? कॉलेजातल्या प्रत्येक संगणकावर होतं. १९९९ साली एओएलनं ते विकत घेतलं आणि २०१३ साली बंद करत असल्याचं जाहीर केलं. नंतर त्याला दुसरा मालक मिळाला, पण आपल्या नोंदी अशा कुणाच्या भरवशावर ठेवायच्या का?

इथं घरची गोष्ट सांगते, दोनच मिनिटं. माझे वडील गणेशोत्सवातल्या मैफली टेपरेकॉर्डरवर घ्यायचे. १४० कॅसेट. कव्हरवर निळ्या शाईत राग, गायक, तबल्यावर कोण. मैफलीआधी माइकजवळ तोंड नेऊन तारीखही सांगायचे. कॅसेटना बुरशी धरायला लागली, म्हणून २००४ साली एका दुकानात देऊन सीडी करून घेतल्या. दुकानदारानं मनापासून काम केलं. फक्त सुरुवातीचं बोलणं खरखर समजून कापून टाकलं. फाइलींची नावं ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत कव्हरं पुढ्यात घेऊन एकेक नाव प्लेअरमध्ये टाइप केलं. सगळं नीट दिसत होतं. मग कॅसेट कव्हरांसकट भंगारात गेल्या.

पुढे वडील गेले. २००९ साली संगणक बसला. दुरुस्तीवाल्यानं गाण्यांचा फोल्डर वाचवून दिला. नावं फोल्डरात नव्हतीच, ती प्लेअरच्या वहीत होती. वही गेली. एका ग्रंथपालाच्या घरात १४० मैफली बिननावाच्या!

मग आई बसली. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की एक फाइल. राग ती लगेच ओळखायची, पण मैफल ओळखायची वेगळ्याच खुणांनी. ‘ही शाळेच्या पटांगणातली, मागे मालगाडीची शिटी ऐकलीस?’ ‘हे खोकणं पेटीवाल्यांचं, त्या वर्षी ते आजारी होते.’ ‘इथं पाऊस आला, ताडपत्री ओढतायत.’ मी लिहीत गेले, आणि या वेळी फाइलीच्या आत लिहीत गेले. ९६ नावं झाली आणि आई गेली. ४४ राहिली.

(चिठ्ठी येते.) अध्यक्ष म्हणतात, पाच मिनिटं. बरं.

मागून प्रश्न आलाय, ‘फोनवर सगळं मिळतं, हा खटाटोप कशाला?’ सगळं मिळत नाही, महाराज! पटांगणातली पावसाची मैफल कुठल्या ॲपवर मिळेल? तुमच्या आत्याची ओवी, गावच्या भजनी मंडळाची काकडआरती, नातवाचं पहिलं गाणं? ते फक्त तुमच्याकडे आहे. दुसरा प्रश्न, ‘फुकटचा प्लेअर धोक्याचा नाही का?’ मूळ संकेतस्थळावरून घेतला तर काळजी नको. फुकट आणि मुक्त यांत मात्र फरक करा. फूबार२००० फुकट आहे, पण त्याचं अंतरंग बंद आहे. व्हीएलसी मुक्त आहे. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं, आणि २००१पासून त्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता येतो.

तर निवड कशी करायची? तीन परीक्षा. पहिली: एका फाइलीला देवनागरीत नाव द्या आणि ती दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडा. नाव दिसलं तर पास. दुसरी: बडा ख्याल आणि त्याला लागून आलेली द्रुत बंदिश अशा दोन फाइली लागोपाठ लावा. एमपीथ्री करताना फाइलीच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता चिकटते. चांगला प्लेअर ती कापून सलग वाजवतो, नाहीतर ऐन समेवर खड्डा पडतो. तिसरी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची: प्लेअर काढून टाका आणि काय उरलं ते बघा.

आजोबा, लिहून घ्या. विंडोजवर फूबार२००० किंवा म्युझिकबी. लिनक्सवर स्ट्रॉबेरी किंवा ऑडेशस. व्हीएलसी कुठंही चालतं आणि जवळजवळ काहीही वाजवतं, पण संग्रह लावायला आणि सलग ऐकायला ते कमी पडतं. टॅग लिहायला एमपीथ्रीटॅग. कॅसेटवरून नव्यानं उतरवत असाल तर फ्लॅक प्रकारच्या फाइलीत उतरवा, आवाजातलं काही गळत नाही. आणि मूळ कव्हरं टाकू नका.

(घंटा.) एक मिनिट, अध्यक्षमहाराज. त्या ४४ फाइली मी अजून ऐकते. गेल्या वर्षी त्यातल्या एकीत, अगदी सुरुवातीला, तंबोऱ्याच्या आधी दुकानदाराच्या हातून चार सेकंद कापायचे राहून गेलेले सापडले. वडील तारीख सांगतायत, गायकाचं नाव सांगतायत, आणि मग हळूच म्हणतात, ‘हं, चालू.’ आता राहिल्या ४३. घरी जाऊन आज एका तरी फाइलीत नाव लिहा. ज्यांना आवाज ओळखता येतात, ती माणसं शेजारच्या खोलीत आहेत तोवर.