आमवात : बोटे वाकडी होण्यापूर्वी

(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर सांध्यांच्या आजारावर बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर एका घटनेने देतो. काही वर्षांपूर्वी अंबरनाथची एक भगिनी आपल्या नववीतल्या मुलीसह माझ्याकडे आली. त्यांना मीच काय, कोणत्याही डॉक्टरने पाठविले नव्हते. मुलीच्या वर्गशिक्षिकेने पाठविले होते. हजेरीपटावर त्या मुलीच्या नावापुढे एका महिन्यात अकरा गैरहजेऱ्या दिसल्या, म्हणून बाईंनी विचारपूस केली. मुलगी म्हणाली, "सकाळी अम्मीची मूठ वळत नाही. पीठ मी मळते, पाणी मी भरते, मग शाळेची वेळ निघून जाते."

ती भगिनी उल्हासनगरात जीन्सच्या शिलाईवर जात असे. दीड वर्षापासून दोन्ही हातांची बोटे सुजत होती. कुणीतरी आणून दिलेल्या पुड्यांनी तिला दोन तासांत आराम पडे. पुडी बंद केली की दुखणे दुप्पट होई. माझ्याकडे आली तेव्हा तोंड सुजून गोल झाले होते, रक्तातील साखर वाढली होती आणि दोन बोटे वाकडी होऊ लागली होती. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, वात आहे, घरात सगळ्यांनाच आहे." माझे आजचे सारे बोलणे या एका वाक्याविरुद्ध आहे.

वात आणि वात यांत फरक

आपण सांध्यांच्या प्रत्येक दुखण्याला 'वात' म्हणतो. परंतु आजीच्या गुडघ्याचे दुखणे बहुधा झिजेचे असते. दिवसभर चालल्यावर, जिना चढल्यावर ते वाढते आणि विश्रांतीने कमी होते. ज्याला डॉक्टर 'ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिस' आणि आपण आमवात म्हणतो, तो निराळा. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती येथे चुकून आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, आणि ही सूज राहिली तर कूर्चा व हाड कुरतडले जाते.

ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. हातांच्या बोटांचे मधले सांधे, बोटांच्या मुळाचे सांधे, मनगटे, पायांची बोटे, तीही बहुधा दोन्ही बाजूंची, सुजतात. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक, कधी दोन-दोन तास, सांधे आखडलेले राहतात. थकवा येतो, बारीक ताप वाटतो. ही लक्षणे सहा आठवडे टिकली तर घरगुती लेपात वेळ घालवू नये. हा आजार म्हातारपणाचाच नव्हे. तो बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांच्या मानाने स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो. लहान मुलांनाही सांधे सुजण्याचा आजार होतो. मुलाचा गुडघा आठवडेच्या आठवडे सुजलेला असेल तर 'खेळताना लागले असेल' म्हणून सोडून देऊ नका.

हा आजार विरळा आहे काय? १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी घरोघर जाऊन पाहणी केली. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे आढळले. आमवाताचे प्रमाण शेकडा सुमारे अर्धा, म्हणजे दोनशे प्रौढांत एक, असे निघाले. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांच्या पुढे होती. त्यांत सहा लाख प्रौढ धरले, तर त्याच हिशेबाने आपल्या या तीन गावांत तीन हजार रुग्ण असावेत. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण आपल्या गल्लीत कोणी नाही, असे समजण्यात अर्थ नाही.

वेळ आणि औषध

आमवात मुळापासून नाहीसा करणारे औषध अजून नाही. मात्र तो ताब्यात ठेवणारी औषधे आहेत, आणि ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुरू झाली तर पुष्कळ रुग्णांची बोटे सरळ राहतात, कामधंदा चालू राहतो. हाडे कुरतडण्याचे नुकसान बहुधा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते. एकदा वाकलेले बोट गोळीने सरळ होत नाही. म्हणून या आजारात वेळेचे मोल सर्वांत जास्त.

मुख्य औषध आहे मेथोट्रेक्सेट. आपल्या देशात जन्मलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात ते तयार झाले. प्रथम ते रक्ताच्या कर्करोगासाठी वापरले गेले. पुढे १९८० च्या दशकातील चाचण्यांनी अगदी अल्प प्रमाणात ते आमवातावर गुणकारी असल्याचे सिद्ध केले. ते महागही नाही.

आता जे सांगतो ते कृपया लिहून घ्या. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावयाचे असते. चुकून ते रोज घेतल्यास तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, प्रसंगी जीवही जातो. कोणी जुम्याचा दिवस ठरवतो, कोणी रविवार. विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे. भिंतीवरील कॅलेंडरवर त्या वाराला गोल करा आणि गोळी घेतली की खूण करा. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी द्या. ठरलेल्या मुदतीने रक्त, यकृत व मूत्रपिंड यांची तपासणी करून घ्यावी. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डोळेही तपासावेत. ही औषधे अंगी लागण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. महिनाभरात गुण आला नाही म्हणून, किंवा दुखणे थांबले म्हणून, ती आपल्या मनाने सोडू नयेत.

नवविवाहित भगिनींसाठी आणि त्यांच्या सासूबाईंसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहणे बाळाला धोक्याचे आहे. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे. ते काही महिने अगोदर औषध बदलून देतात आणि पुष्कळ रुग्ण स्त्रिया सुखरूप माता होतात. त्यासाठी आजार उघड बोलला गेला पाहिजे. लग्न मोडेल या भीतीने मुलीचा आजार लपविणारे आईबाप मी पाहिले आहेत. लपविलेल्या आजाराची किंमत शेवटी मुलगीच मोजते.

आता त्या पुड्यांविषयी. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली. १९५० मध्ये त्यांना त्यांच्या सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु लवकरच कळले की हे स्टेरॉइड फार दिवस, जास्त प्रमाणात घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर व रक्तदाब वाढतो. डॉक्टर ते जपून, थोड्या दिवसांसाठी वापरतात. बिननावाच्या पुडीने दोन तासांत चमत्कार केला, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. मात्र अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम बंद करण्यातही धोका आहे. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

राहणीमान

विडी-सिगारेट हा या आजाराचा सिद्ध झालेला शत्रू आहे. तिने आजार होण्याचा संभव वाढतो आणि औषधाचा गुणही कमी होतो. मशेरीने हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांच्या रोगाचा आमवाताशी संबंध दिसून आला आहे. तीही सोडावी. आहारात आंबट, दही, टोमॅटो सरसकट बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याला शास्त्राचा आधार नाही, उलट रुग्ण अशक्त होतो. डाळी, पालेभाज्या, ज्वारी-नाचणी, फळे, बांगड्यासारखी मासळी घ्यावी. तेल व साखर कमी करावी. वजन आटोक्यात ठेवावे, कारण या आजारात हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडवून बोटे हळूहळू उघडावी-मिटावी. सूज नसेल तेव्हा रोज चालावे. भरलेले पातेले बोटांनी न उचलता दोन्ही हातांच्या तळव्यांवर घ्यावे. कपडा पिळताना तो नळाभोवती गुंडाळावा. बदलापूर लोकलच्या गर्दीत पिशवी बोटांना न लटकवता खांद्यावर घ्यावी.

नमाजच्या वेळी गुडघे वाकत नसतील तर खुर्चीचा आधार घेण्यास संकोच करू नये. आजाऱ्याला धर्मानेच सवलत दिली आहे, इमाम साहेबांना विचारून खात्री करावी. रमजानपूर्वी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घेऊ नये आणि स्टेरॉइड चालू असेल तर ते मधेच तोडू नये.

घरचा वाटा

खर्चाची भीती वाटत असेल तर उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयापासून सुरुवात करावी. गरज पडल्यास तेथून मुंबईच्या मोठ्या सरकारी वा महापालिका रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी.

परंतु सर्वांत स्वस्त औषध घरातच आहे. त्या भगिनीचे पती तिच्याबरोबर दुसऱ्या खेपेस आले. मी त्यांना एवढेच म्हटले, "सकाळचे पीठ तुम्ही मळा." ते हसले. मग त्यांनी खरोखरच मळण्यास सुरुवात केली. थोरला मुलगा पाणी भरू लागला. चार महिन्यांत तिची सकाळची आखडण दोन तासांवरून वीस मिनिटांवर आली. दोन बोटे वाकडीच राहिली, पण ती पुन्हा शिलाईवर बसू लागली. आणि ती मुलगी दहावी उत्तीर्ण झाली.

वर्गात एखादे मूल, विशेषतः मुलगी, वारंवार गैरहजर राहत असेल, तर घरात कोण आजारी आहे हे शिक्षकांनी अवश्य विचारावे. आणि आज येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी घरी गेल्यावर आपल्या आईला एवढेच विचारावे, "अम्मी, सकाळी तुझी मूठ नीट वळते ना?"